पगार चालवायला शिका: एका क्रियापदातून स्पॅनिश, पोर्तुगीज आणि कातालान

महिना संपत आला की घरोघरी एकच प्रश्न असतो: पगार झाला का? हा शब्द आपल्या तोंडात इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल असं मनातही येत नाही. पण तो पोर्तुगीज आहे, आणि तिकडे तो नाम नाही, क्रियापद आहे. पोर्तुगीज 'पगार' म्हणजे 'पैसे देणे'. हेच क्रियापद स्पॅनिशमध्ये आहे आणि बार्सिलोनाच्या कातालान भाषेतही आहे. तिन्हीकडे रोमन स्पेलिंग तंतोतंत सारखं: पी, ए, जी, ए, आर.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. वर्गात वालेन्सियाला शिकायला निघालेली मुलं असतात, बार्सिलोनात नोकरी लागलेले असतात, आणि पोर्तुगालचे कागदपत्र तयार करणारी गोव्याकडची कुटुंबंही असतात. सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला: एक भाषा आली की बाकीच्या दोन आपोआप येतात का? माझं उत्तर असं की वाचायला बऱ्याचशा येतात, ऐकायला अर्ध्यामुर्ध्या, आणि बोलायला मात्र जिथे त्या एकमेकींपासून फुटतात तिथेच मेहनत करावी लागते. ही फूट कुठे आहे हे कळायला एकच क्रियापद तिन्ही भाषांतून चालवून बघण्यासारखा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. आणि मराठी माणसाने ते 'पगार'पासून सुरू करावं. शब्द घरातलाच आहे.

आधी मूळ समजून घ्या

लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता. त्यावरून 'पाकारे' म्हणजे शांत करणे. ज्याचं देणं आहे तो दारात उभा आहे, त्याचे पैसे चुकते केले की तो शांत होतो. या अर्थावरूनच 'शांत करणे'चं 'पैसे देणे' झालं. हे मनात नीट बसवा, कारण याच मुळातून आलेलं आणखी एक क्रियापद तुम्हाला रोज लागेल: 'अपगार', म्हणजे दिवा बंद करणे, आग विझवणे. तेही तिन्ही भाषांत आहे. वर्गात मुलं नेहमी गोंधळतात की पैसे देण्याचा आणि दिवा बंद करण्याचा संबंध काय. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. देवापुढचा दिवा 'विझला' असं आपण म्हणत नाही, 'शांत झाला' म्हणतो.

आता 'पाकारे'मधल्या 'क'चा 'ग' कसा झाला? दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' या भाषांत मऊ पडतो. लॅटिन 'आमिकुस' म्हणजे मित्र, त्याचा स्पॅनिशमध्ये 'आमिगो' झाला. आपल्याकडेही 'प्रकट'चं 'प्रगट' होतं, ती हीच चाल. लॅटिन माहीत नसली तरी ही एक खूण अनेक शब्दांची ओळख पटवून देते.

हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगिजांच्या राज्यातून. गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत त्यांच्या ताब्यात होता. वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मुंबईसुद्धा इंग्रजांना मिळाली ती १६६१ च्या लग्नाच्या तहात, पोर्तुगिजांकडून. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजूनही घराघरांत बोलतात. पाव, चावी, बटाटा, लिलाव, तुरुंग, घमेलं असे कितीतरी शब्द या सहवासातून आले, पण ते जवळजवळ सगळे वस्तूंची किंवा जागांची नावं आहेत. अख्खं क्रियापद उचलून आपण त्याचं नाम केलं आणि त्याला 'पगारी रजा', 'बिनपगारी' असे मराठी प्रत्यय लावले, असं फार क्वचित घडलं. म्हणून मला या शब्दाचं विशेष वाटतं.

मग कान तयार करा

स्पेलिंग एकच असलं तरी तीन ठिकाणी तीन उच्चार ऐकू येतात.

माद्रिदमध्ये 'पागार'. दोन्ही 'आ' पूर्ण आणि स्वच्छ, जोर शेवटच्या अक्षरावर.

लिस्बनमध्ये 'पगार'. पहिला स्वर आखूड, जवळपास आपल्या 'अ'सारखा, आणि जोर 'गार'वर. म्हणजे आपण पहिल्या तारखेला जो शब्द उच्चारतो तोच, थोडा शेवटाकडे रेटलेला. ब्राझीलमध्ये बोलताना शेवटचा 'र' बऱ्याचदा विरून जातो.

बार्सिलोनात 'पगा'. शेवटचा 'र' लिहितात, बोलत नाहीत. वालेन्सियाकडे गेलात तर तो पुन्हा ऐकू येतो.

तिन्हीकडे मधला 'ग' आपल्या 'ग'पेक्षा सैल असतो, जीभ टाळूला पूर्ण टेकत नाही. हे न जमल्याने कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. वेळ घालवा तो जोरावर. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्या बाबतीत आळशी असतो. स्पॅनिशमध्ये 'पागो' शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी पैसे देते', आणि शेवटच्यावर दिला तर 'त्याने पैसे दिले'. माणूस बदलला आणि काळही बदलला, तेही एका आघाताने. आरशासमोर उभं राहून हे दोन्ही वीस-वीस वेळा म्हणा. मी वर्गात टेबलावर टिचकी मारून घेते: टिचकी पहिल्या अक्षरावर, मग दुसऱ्यावर. दोन दिवसांत फरक पडतो.

वर्तमानकाळ: 'पाग' ठेवा, शेपूट बदला

शेवटचा 'आर' काढला की धातू उरतो. त्याला मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने प्रत्यय लागतात.

स्पॅनिश: पागो, पागास, पागा, पागामोस, पागाइस, पागान.

पोर्तुगीज: पागु, पागश, पाग, पगामुश, (तुम्ही आणि ते, दोन्हीसाठी) पागांव. शेवटचा 'आंव' नाकात म्हणायचा. आपण 'गांव' म्हणताना नाकात जे होतं तसंच. पोर्तुगीजमध्ये 'तुम्ही'चं वेगळं रूप व्याकरणात आहे, पण रोजच्या बोलण्यात 'ते'चंच रूप चालतं.

कातालान: पागु, पागस, पाग, पगेम्, पगेउ, पागन्.

हे तीन रकाने शेजारी ठेवून पाहिले की पोर्तुगीज आणि कातालान कुठे एकमेकींच्या जवळ येतात ते दिसतं. दोन्हीकडे जोर नसलेला 'ओ' 'उ'कडे झुकतो, दोन्हीकडे जोर नसलेला 'आ' दबतो. माझ्या अनुभवात स्पॅनिश शिकून बार्सिलोनाला गेलेल्यांना कातालान कळत नाही ती शब्दांमुळे नव्हे, या दबलेल्या स्वरांमुळे. मराठी कानाला मात्र 'अ' आणि 'आ' यांतला फरक जन्मापासून कळतो. आपल्याला हा एक फायदा आहे, तो वापरा.

सहा रूपं पाठ करण्याआधी एक पाहून ठेवा. मराठीत 'देतो' म्हटलं की बोलणारा पुरुष आणि 'देते' म्हटलं की बाई. तिकडे क्रियापदात बाई-पुरुष हा भेद नाही. पण कर्ता गाळण्याची सवय तीच आहे. आपण 'उद्या देते' म्हणतो, 'मी' वेगळं लागत नाही. तसंच नुसतं 'पागो' पुरतं. इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्यात 'मी' घालू नका, ते कानाला खटकतं.

कातालानमध्ये 'मी'चं रूप प्रांताप्रांताने बदलतं. बार्सिलोनात 'पागु', वालेन्सियात 'पागे', मायोर्कासारख्या बेटांवर नुसतं 'पाक्', शेवटी 'ग'चा 'क' होऊन. एक शिका, बाकीची ओळखता आली म्हणजे झालं.

आणखी एक सवय मोडावी लागेल. मराठीत आपण 'चहाचे पैसे देते' म्हणतो. तिकडे 'पैसे' हा शब्द क्रियापदाच्या पोटात असतो. 'पागो एल काफे' एवढंच, शब्दशः 'कॉफी पागते'. जे घेतलं ते थेट कर्म होतं.

हॉटेलात बसल्यावर: देते मी!

बिल आलं की मराठी माणसं एकमेकांचे हात धरतात, हे दृश्य इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्येही, तितकंच ओळखीचं आहे. अशा वेळी कर्ता मुद्दाम बोलतात आणि तो क्रियापदानंतर ठेवतात. स्पॅनिशमध्ये 'पागो यो', पोर्तुगीजमध्ये 'पागु एउ', कातालानमध्ये 'पागु झो' (हा 'झ' टेलिव्हिजन शब्दातल्या 'ज'सारखा, दात न लावता). मराठीत 'मी देते' आणि 'देते मी' यांत जो फरक आहे तोच इथे आहे. दुसऱ्या वाक्यात आग्रह आहे. या तीन वाक्यांसाठी तुम्हाला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही, मराठीच पुरते.

टीटीएमएम करायचं असेल, तुझं तू माझं मी, तर स्पॅनिशमध्ये 'पागार आ एस्कोते' आणि कातालानमध्ये 'पगा अ अस्कॉत्' म्हणतात. पोर्तुगालमध्ये निम्मं-निम्मं असेल तर 'पगार अ मेइयश'.

कार्ड चालेल का हे विचारायला:

स्पॅनिश: पुएदो पागार कोन तारखेता?

पोर्तुगीज: पॉसु पगार कों कर्तांव?

कातालान: पुक् पगा अम् तर्झेत?

रोख असेल तर स्पॅनिशमध्ये 'एन एफेक्तिवो', कातालानमध्ये 'अन् अफक्तिउ', पोर्तुगीजमध्ये 'एं दिन्येइरु'. हा 'दिन्येइरु', स्पॅनिश 'दिनेरो' आणि कातालान 'दिनेस' सगळे रोमन 'देनारियुस' नाण्यापासून आले, आणि संस्कृतातला 'दीनार'सुद्धा त्याच नाण्यापासून. गुप्तांच्या काळातल्या सोन्याच्या नाण्यांना दीनार म्हणत. आपल्याकडे पैशाचे शब्द समुद्रावरून येण्याची रीत पगारापेक्षा बरीच जुनी आहे.

लिस्बनमध्ये एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. जेवणाआधी टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लंत तर त्याचे पैसे बिलात लागतात. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. काही कॅफेंत 'प्रे-पगमेंतु' अशी पाटी दिसते: आधी गल्ल्यावर पैसे भरा, मग कॉफी घ्या. पाटीतला 'पग' डोळ्यांनी पकडता आला की रांग चुकत नाही.

भूतकाळ: इथेच खरी पाऊलवाट फुटते

बाकी सगळं वरवर वाचलंत तरी हा भाग सावकाश वाचा.

स्पॅनिशमधला साधा भूतकाळ: पागे, पागास्ते, पागो, पागामोस, पागास्तेइस, पागारोन. 'पागे' आणि 'पागो' दोन्हींत जोर शेवटी.

पोर्तुगीजमधला: पगेइ, पगाश्त, पगो, पगामुश, (तुम्ही, ते) पगारांव.

दोन्हीकडे धातूला शेपूट लागतं, चाल तीच. आता कातालान:

बाच् पगा, बास् पगा, बा पगा, बाम् पगा, बाउ पगा, बान् पगा.

हे 'बा' म्हणजे 'जाणे' या क्रियापदाचं रूप. म्हणजे 'जातो' अधिक 'पैसे देणे', आणि अर्थ मात्र 'त्याने पैसे दिले'. आता स्पॅनिशमध्ये हीच जोडणी बघा: 'बा आ पागार', 'जातो' अधिक 'पैसे देणे', आणि अर्थ 'तो पैसे देणार आहे'. पोर्तुगीजमध्ये 'व्हाय पगार', पुन्हा 'देणार आहे'. दोन भाषांत जे भविष्य, ते तिसरीत भूत. स्पॅनिश माणूस भरभर बोलताना 'बा आ'चा एकच 'बा' करतो, त्यामुळे कानावर पडतं ते 'बापागार' आणि 'बापगा'. एक होणार आहे, एक होऊन गेलं आहे.

बार्सिलोनात मी काही महिने एका कुटुंबाच्या घरात खोली घेऊन राहत होते. पाण्याचं बिल घरातल्या सगळ्यांत वाटून द्यायचं ठरलं होतं. एका सकाळी स्वयंपाकघरात घरमालकीण म्हणाली, 'ल बा पगा लाबि.' 'आबि' म्हणजे आजोबा. मी स्पॅनिशच्या सवयीने अर्थ लावला: आजोबा बिल भरणार आहेत. ठीक, भरले की माझा वाटा त्यांना देईन. दोन आठवडे मी वाट पाहिली. ऐंशीच्या पुढचे ते आजोबा रोज सकाळी मला नमस्कार करत आणि काही बोलत नसत. त्यांनी बिल आदल्या दिवशीच बँकेत रांगेत उभं राहून भरलं होतं, आणि मी त्यांचे पैसे दिले नव्हते. कळलं तेव्हा मी त्यांच्यापुढे नोटा ठेवल्या आणि मला धड माफीही मागता येईना. त्यांनी त्या मोजल्यासुद्धा नाहीत. 'बा' या एका अक्षरावर मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात अर्धा तास घालवते.

मराठी माणसाने हे लक्षात ठेवायचा सोपा मार्ग मराठीतच आहे. आपणही 'जाणे' लावून झालेली गोष्ट सांगतो: संपून गेलं, विसरून गेला, पैसे देऊन गेला. कातालान 'बा पगा' कानावर आलं की मनात 'देऊन गेला' असं म्हणा. 'देऊन जाईल' नव्हे, 'देऊन गेला'. वाक्याची घडण वेगळी आहे हे खरं, पण खूण म्हणून ती कधी दगा देत नाही.

आता दुसरा फरक, आज आणि काल यांचा. स्पेनमध्ये आज सकाळी दिलेल्या पैशांसाठी 'ए पागादो' आणि काल दिलेल्यांसाठी 'पागे' म्हणतात. कातालानमध्येही तेच: आजचं 'ए पगात्', कालचं 'बाच् पगा'. पोर्तुगालमध्ये दोन्हीसाठी 'पगेइ'. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'पागे'वरच काम भागतं. म्हणजे घरमालकीण आजच्या बिलाबद्दल बोलत असती तर 'अ पगात्' म्हणाली असती आणि मी चुकले नसते. पोर्तुगीजमध्ये 'तेन्यु पागु' असं रूप दिसतं, त्याला 'मी दिले आहेत' समजू नका. त्याचा अर्थ 'हल्ली मी देत आले आहे', पुन्हा पुन्हा, आजवर.

लिहिताना: मुका 'यू'

देवनागरीत 'ग' हा 'ग'च राहतो, पुढे कोणताही स्वर आला तरी. रोमनमध्ये जी या अक्षरापुढे ई आलं की या तिन्ही भाषांत त्याचा आवाज बदलतो. 'ग' टिकवायचा तर मध्ये एक यू घालावा लागतो, आणि तो वाचायचा नाही. म्हणून स्पॅनिश 'पागे' लिहिताना पी, ए, जी, यू, ई. पोर्तुगीज 'पगेइ'त तोच यू, कातालान 'पगेम्' आणि 'पागस'मध्येही तोच. नियम एवढाच आहे: पुढे ई किंवा आय आलं की यू.

हे हाताला वळण लावायचं काम आहे. एका वहीत ही आठ-दहा रूपं रोज एकदा लिहा. मुलांच्या उत्तरपत्रिकांत मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

बिलावरचा शिक्का

'दिलेले' या अर्थाचं रूप: स्पॅनिश 'पागादो', कातालान 'पगात्', पोर्तुगीज 'पागु'. पोर्तुगीजमध्ये 'पगादु' असं रूप एकेकाळी चालायचं, आता ते कानाला जुनाट लागतं. त्यामुळे 'पागु' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात: 'मी पैसे देते' आणि 'दिलेले'. लिस्बनमध्ये बिलावर शिक्का दिसला तर तो दुसरा अर्थ, म्हणजे पैसे चुकते झाले. 'श्ता पागु' म्हणजे 'याचे पैसे दिले गेले आहेत'. स्पॅनिशमध्ये हेच स्पेलिंग असलेला 'पागो' शब्द नाम म्हणूनही येतो, 'भरणा' या अर्थाने. पोर्तुगीजमध्ये भरण्याला 'पगमेंतु' आणि कातालानमध्ये 'पगमेन्'.

भविष्य: अख्खा पगार आणि त्यावर प्रत्यय

भविष्यकाळ मला सर्वांत आवडतो, कारण इथे क्रियापद कापावं लागत नाही. पूर्ण 'पागार' ठेवायचं आणि पुढे प्रत्यय लावायचा. स्पॅनिश 'पागारे' म्हणजे 'मी देईन', 'पागारास' म्हणजे 'तू देशील', 'पागारा' म्हणजे 'तो देईल'. कातालानमध्ये पगरे, पगरास, पगरा. पोर्तुगीजमध्ये पगरेइ, पगराश, पगरा, पण तिथे बोलताना 'व्हो पगार' हेच जास्त चालतं. सगळीकडे जोर शेवटी.

स्पॅनिश आणि कातालानमध्ये 'मी देईन' हे रूपच एका दस्तऐवजाचं नाव झालं आहे: 'पागारे' म्हणजे वचनचिठ्ठी, ठरलेल्या तारखेला अमुक रक्कम देईन असं सही करून दिलेलं लेखी वचन. आपल्या नोटेवर गव्हर्नर धारकाला रक्कम अदा करण्याचं वचन देतात, तो सगळा मजकूर तिकडे या एका शब्दात बसतो. स्पेनमध्ये घरभाड्याच्या किंवा धंद्याच्या कागदांत हा शब्द दिसला तर त्याला क्रियापद समजून पुढे जाऊ नका. थांबा, रक्कम आणि तारीख वाचा.

आणि आपला पगार?

इथे मात्र सावध. लिस्बनच्या कचेरीत जाऊन 'माझा पगार किती?' असं 'पगार' शब्दात विचारलं तर समोरचा गोंधळेल. पगाराला पोर्तुगीजमध्ये 'सलारियु' किंवा 'ओर्देनादु', स्पॅनिशमध्ये 'सुएल्दो' किंवा 'सालारियो', कातालानमध्ये 'सोउ'. पगाराच्या पावतीला स्पेनमध्ये 'नोमिना' म्हणतात. स्पॅनिश 'पागा' हे नाम मात्र आपल्या अर्थाच्या जवळ येतं. 'पागा एक्स्त्रा' म्हणजे जादा पगार. स्पेनच्या कामगार कायद्याप्रमाणे वर्षाला असे दोन जादा पगार मिळतात, त्यातला एक नाताळला. म्हणून तिथे वार्षिक वेतन अनेकदा चौदा हप्त्यांत सांगतात. नोकरीचं पत्र हातात आलं की आकड्याला बारांनी भागायचं की चौदांनी, हे आधी विचारून घ्या.

आणि 'पगार झाला' कसं म्हणायचं? देणारा 'पागार' करतो, घेणारा 'कोब्रार' करतो. 'कोब्रार' म्हणजे पैसे घेणे, वसूल करणे. स्पेनमध्ये 'ए कोब्रादो', कातालानमध्ये 'ए कुब्रात्' म्हटलं की 'माझा पगार झाला'. पोर्तुगीजमध्ये 'कुब्रार' हे मागणाऱ्याचं क्रियापद आहे, तिथे पगार झाला की 'झा रसबी' म्हणतात, 'मला मिळाला'. स्पेनमधल्या बारमध्ये निघताना वेटरला 'मे कोब्रास?' असं विचारतात, म्हणजे 'माझे घेतोस ना?' आपण दुकानात 'घ्या हो पैसे' म्हणतो ना, तीच तऱ्हा.

वाक्प्रचार

दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्या माथी आलं तर स्पॅनिशमध्ये 'फुटलेल्या ताटांचे पैसे देणे' म्हणतात: पागार लोस प्लातोस रोतोस. कातालानमध्येही ताटंच फुटतात: पगा अल्स प्लात्स् त्रङ्कात्स्. पोर्तुगीजमध्ये 'बदकाचे पैसे देणे', पगार उ पातु. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी. 'जो पैसे देतो तो हुकूम करतो' ही म्हण तिन्हींत आहे: क्येन पागा मान्दा, कें पाग मांद, कि पाग मान. कातालानमध्ये शिवाय असंही म्हणतात की पैसे दिले तर सेंट पीटरसुद्धा गातो: पगान्, साम् पेर कान्त. ही म्हण यमकामुळे तोंडात बसते आणि 'पगान्' हे 'देत असताना'चं रूपही जाता जाता पाठ होतं.

रोजचा सराव

तिन्ही भाषा एकदम सुरू करू नका. जिथे जायचंय ती आधी, निदान सहा महिने. दुसरी घ्याल तेव्हा हा लेख पुन्हा काढून फक्त फरक शिका.

सराव पैसे देतानाच करा. भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड स्कॅन केला, पैसे गेल्याचा आवाज आला, की मनात म्हणा 'ए पागादो'. संध्याकाळी दिवसाचा हिशेब आठवताना कालच्या खर्चाला 'पागे', उद्याच्या हप्त्याला 'पागारे'. पोर्तुगीज शिकत असाल तर पगेइ आणि व्हो पगार. कातालान शिकत असाल तर कालच्या प्रत्येक खर्चाला 'बाच् पगा' म्हणा, मुद्दाम, मोठ्याने, जोवर 'बाच्' कानाला भविष्यासारखं वाटणं थांबत नाही. दिवसातून आपण किती वेळा पैसे देतो ते मोजा, तितका सराव वेगळा वेळ न काढता होतो.

'पगार' हाताखाली आलं की त्याच साच्यात 'कोंप्रार', विकत घेणे, बसवा: स्पॅनिशमध्ये कोम्प्रार, कातालानमध्ये कुम्प्रा. मग कोब्रार. विकत घेणे, पैसे देणे, पैसे घेणे, ही बाजारातली तीन क्रियापदं तिन्ही भाषांत एकाच स्पेलिंगची आहेत. त्यानंतर 'नाव्हेगार', जहाज हाकणे, तेही तिन्हींत सारखंच लिहितात. त्याला 'पगार'सारखाच मुका यू लागतो, त्यामुळे वहीतल्या त्याच पानावर खाली लिहा.